उपास आणि उपासमार : पाखरांच्या चरबीचा हिशेब



उपास आणि उपासमार हे दोन शब्द आपण शेजारी शेजारी वापरतो, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उपासाला तयारी असते, मुदत असते, पारण्याची वेळ ठरलेली असते. उपासमारीला यातले काहीच नसते. आज मला मांडायचे आहे ते एवढेच, की हा फरक माणसाने मनात केलेला नाही. तो पक्ष्याच्या रक्तात मोजता येतो. न खाणाऱ्या पक्ष्याच्या अंगात एक सीमा असते. तिच्या अलीकडे तो चरबीवर जगतो आणि शरीर राखतो, तिच्या पलीकडे तो स्वतःलाच खाऊ लागतो. ही सीमा कुठे पडते, पक्ष्याला ती कशी कळते आणि ती ओलांडायची वेळ त्याच्यावर का येते, हे समजल्याशिवाय हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणाऱ्या पाखरांकडे आपण नीट पाहू शकणार नाही, असे माझे मत आहे.

लांबच्या पाहुण्यांआधी अंगणातल्या कोंबडीकडे पाहू. खुडूक बसलेली गावठी कोंबडी टोपल्यातल्या तणसावर पिसे फुलवून, चपटी होऊन बसते. हात जवळ नेला की गुरगुरते. छातीखालची उघडी, ऊबदार कातडी अंड्यांना टेकलेली असते. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, भली मोठी शीट टाकते आणि अंडी गार व्हायच्या आत परत येते. एकवीस दिवस हाच क्रम. या काळात तिचे वजन उतरते. घरातली माणसे म्हणतात, बिचारीला अंड्यांपायी खायला मिळत नाही. दिसायला तसेच दिसते, पण ते खरे नाही. टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड शेरी, निकोलस म्रोसोव्स्की आणि जेरी हॉगन यांनी १९८० साली रानकोंबड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या अगदी चोचीशी दाणे ठेवले, तरी ती जेमतेमच खाई आणि तिचे वजन उतरतच राही. मग त्यांनी काही कोंबड्यांना मध्येच काही दिवस मुळीच खायला दिले नाही आणि नंतर दाणे परत ठेवले. त्या कोंबड्या आता भरपूर खाऊ लागल्या, पण किती? बसण्यापूर्वीच्या वजनापर्यंत नव्हे. एरवी त्या दिवशी जेवढे वजन असायला हवे होते तेवढ्यावर त्या पोचल्या आणि थांबल्या. म्हणजे रोज थोडे थोडे खाली सरकणारे एक ठरलेले वजन कोंबडीच्या शरीराने धरून ठेवलेले असते. त्याच्याही खाली गेले तरच भूक जागी होते. मुदत आणि मर्यादा दोन्ही असलेला हा उपास आहे.

तिच्या पोटाखालच्या अंड्यातही तेच चाललेले असते. अंड्यातल्या पिल्लाला लागणारी नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बलकातल्या चरबीतून येते. वर आई चरबी जाळते आहे, खाली पिल्लू चरबी जाळते आहे, आणि दोघांमध्ये एक पातळ कवच आहे. फुटायच्या सुमारास उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेते. हॅचरीतून एका दिवसाची पिल्ले भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून शेकडो किलोमीटर पाठवता येतात ती याच शिदोरीवर. शंभर पिल्लांचे चिवचिवणारे खोके दाण्या-पाण्याशिवाय एक-दोन दिवस प्रवास करते, कारण प्रत्येकाच्या पोटात आईने बांधून दिलेला डबा असतो.

पण चरबीच का? साखर किंवा मांस साठवून का भागत नाही? इथे थोडे गणित करावे लागते. एक ग्रॅम चरबी जळली की सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात. एक ग्रॅम कर्बोदक किंवा प्रथिन जळले की सुमारे ४. नुसत्या या आकड्यांनी फरक दुपटीचाच वाटतो. खरा फरक पाण्यात आहे. शरीरात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. मांसाचाही तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. चरबी मात्र जवळजवळ कोरडी साठते. म्हणून प्रत्यक्ष अंगावर वाहायच्या वजनाचा विचार केला तर चरबी इतर इंधनांपेक्षा आठ पटींनी वरचढ ठरते. नागपूरच्या अमरावती रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक जातात आणि त्या रस्त्यावरच्या वाडीतल्या माणसाला मालाच्या वजनाचा व डिझेलचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको. ज्या वाहनाला स्वतःचे इंधन हवेत उचलून न्यायचे आहे, त्याला आठपट जड टाकी परवडणारी नाही. शिवाय एक ग्रॅम चरबी जळताना एक ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी तयार होते, आणि वाटेत पाणी न मिळणाऱ्याला तेही उपयोगी पडते.

ही चरबी डोळ्यांनी पाहता येते. पक्ष्यांच्या पायात वाळे घालणारे अभ्यासक पाखरू हातात उताणे धरतात आणि गळ्याखालच्या पिसांवर हलकी फुंकर घालतात. पिसे बाजूला झाली की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक दिसते. दोन हाडे जुळून जिथे इंग्रजी व्हीसारखा आकार होतो, तिथे एक खळगा असतो. उपाशी पाखराचा खळगा रिकामा असतो आणि त्यातून स्नायूचा गडद तांबडा रंग दिसतो. निघायच्या तयारीत असलेल्या पाखराचा खळगा लोण्यासारख्या पिवळट चरबीने भरून फुगीर झालेला असतो. विदर्भातल्या ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या शेतकऱ्याला चांगल्याच ठाऊक आहेत. मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी, फाल्गुन-चैत्रात, पळस-सावरीचा मध, वड-पिंपळाची फळे, शेतातले कणीस, जे मिळेल ते त्या खात सुटतात. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण माणसाला टोमणा म्हणून वापरतो. पाखराच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याला खरोखरच दुप्पट खाल्ल्याशिवाय एकादशी झेपणार नाही.

आता खळग्यातली चरबी पंखापर्यंत कशी पोचते ते पाहू. साठ्यातल्या चरबीचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका खुंटीला बांधलेली तीन मेदाम्ले. खाणे थांबले की रक्तातले इन्शुलिन कमी होते आणि ग्लुकागॉन वाढते. सस्तन प्राण्यांत चरबी सोडवण्याचे मोठे काम ॲड्रेनलिन करते; पक्ष्यांत हा मान मुख्यतः ग्लुकागॉनचा आहे. त्याच्या हुकमावरून विकरे मेदाम्ले खुंटीवरून सोडतात. तेल पाण्यात मिसळत नाही तशी ही मेदाम्लेही रक्तात विरघळत नाहीत, म्हणून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन त्यांना पाठीवर घेऊन स्नायूपर्यंत नेते. स्नायूच्या पेशीत शिरल्यावर दुसरे एक वाहक प्रथिन त्यांना उचलते आणि तंतुकणिकांपर्यंत पोचवते. तिथे मेदाम्लाच्या लांब साखळीतून दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि ते जळून ऊर्जा होते. मोकळे झालेले ग्लिसरॉलही वाया जात नाही. यकृत त्यातून साखर बनवते. उपाशी पक्ष्याच्या रक्तातली साखर आपल्याइतकी पटकन उतरत नाही याचे एक कारण हे आहे. काही मेदाम्लांपासून यकृत कीटोन तयार करते आणि मेंदूला साखरेच्या जोडीला तेही इंधन चालते.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच, प्रथिने वाचवणे. पक्ष्याला प्रथिनांचा वेगळा साठा नसतो. त्याची प्रथिने म्हणजे त्याचे हृदय, छातीचे स्नायू, आतडी. इथे मी सुरुवातीला सांगितलेली सीमा येते, आणि तिचा सर्वांत स्पष्ट पुरावा अंटार्क्टिकातून मिळाला आहे. एम्परर पेंग्विनचा नर वीण सुरू झाल्यापासून अंडे फुटेपर्यंत, जवळजवळ चार महिने, बर्फावर काहीही न खाता उभा राहतो. सुमारे ३८ किलोंचा पक्षी त्या अखेरीस २३-२४ किलोंवर येतो. इव्हाँ ल माहो, रने ग्रोस्कोला आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी या उपासाचे तीन टप्पे दाखवले. पहिले काही दिवस जुळवून घेण्याचे असतात: ग्लायकोजेन संपते, प्रथिने जाळण्याचा वेग झपाट्याने उतरतो. दुसरा टप्पा लांबलचक आणि शांत असतो; त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकट्या चरबीतून येते. तिसऱ्या टप्प्यात प्रथिनांचा वापर पुन्हा चढू लागतो. प्रथिन मोडले की पक्ष्यात यूरिक आम्ल तयार होते, शिटेतला पांढरा भाग असतो तेच, आणि रक्तातल्या त्याच्या पातळीवरून पक्षी कोणत्या टप्प्यात आहे ते सांगता येते.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. तिसरा टप्पा सुरू होतो तेव्हा चरबी पुरती संपलेली नसते, थोडी शिल्लक असते. आणि नेमक्या त्याच वेळी, आतापर्यंत दगडासारखा उभा असलेला पेंग्विन अस्वस्थ होतो, हाका मारू लागतो, फिरू लागतो. जोडीदारीण समुद्रावरून आली नसेल तर तो अंडेसुद्धा टाकून निघतो. समुद्रापर्यंत चालत जाण्याइतके इंधन अंगात असतानाच शरीर त्याला उठवते. मी याला उपास म्हणतो तो शब्दाच्या मोहाने नव्हे. कोणी म्हणेल, पक्षी काही संकल्प सोडत नाही, त्याला व्रत कळत नाही, मग उपास कसला? संकल्पाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पण तयारी, मुदत आणि मोडण्याची वेळ या तीन खुणा इथे तिन्ही सापडतात, आणि त्यांतली एकही उपासमारीला लागू पडत नाही. कोंबडीचे उतरते ठरलेले वजन आणि पेंग्विनचे वेळेवर निघणे, हे दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

यावर शरीरशास्त्र शिकलेला माणूस एक जोरदार हरकत घेईल. बसून राहणाऱ्या पक्ष्याचे ठीक आहे, तो म्हणेल, पण चरबी हे सावकाश जळणारे इंधन आहे. माणूस जोरात धावू लागला की चरबीचा वाटा कमी होतो आणि स्नायू साखरेवर चालू लागतात. मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात साखर संपली की भल्याभल्यांचे पाय जड होतात. मग उडणे हा तर त्याहून कष्टाचा व्यायाम! हरकत सस्तन प्राण्यांपुरती अगदी बरोबर आहे. अडचण चरबी जाळण्यात नसून ती वाहून नेण्यात आहे. रक्तातून पेशीत आणि पेशीतून तंतुकणिकेत, प्रत्येक नाक्यावर तिचा खोळंबा होतो. पक्ष्यांनी हे नाके रुंद केले आहेत. लांब उडणारे पक्षी उडताना आपल्या आकाराच्या धावणाऱ्या सस्तन प्राण्याच्या कमाल खर्चाच्या दुप्पट ऊर्जा खर्च करतात, आणि तीही नव्वद टक्क्यांच्या आसपास चरबीतून. क्रिस्तोफर गुग्लिएल्मो यांनी अमेरिकेतल्या एका लहान टिलव्यावर काम करून दाखवले, की स्थलांतराच्या दिवसांत त्याच्या छातीच्या स्नायूंतले ते वाहक प्रथिन हिवाळ्यापेक्षा बरेच वाढलेले असते. म्हणजे प्रवासाआधी नुसती टाकी भरत नाही, टाकीपासून इंजिनपर्यंतची नळीही मोठी होते.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे आणि ती मला अर्धी मान्य आहे. लांब उडून आलेल्या पक्ष्याची केवळ चरबी गेलेली नसते. त्याची आतडी, यकृत, कधी छातीचे स्नायूसुद्धा आटलेले असतात. मग प्रथिने वाचवण्याचे हे सगळे म्हणणे कुठे उरते? उत्तरासाठी अलास्कातल्या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्यांकडे जावे लागेल. याच जातीच्या अवघ्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने २०२२च्या ऑक्टोबरात अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले. त्याच्या कितीतरी आधी, निघायच्याच दिवशी रडारच्या घुमटावर आदळून मेलेले काही पाणटिवळे थेउनिस पीर्स्मा आणि रॉबर्ट गिल यांनी तपासले आणि १९९८ साली निष्कर्ष छापला. त्या पक्ष्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबी होता, आणि आतडी, पेषणी, यकृत मात्र लहान. अजून एकही मैल उडाले नव्हते ते! वाटेत ज्याचा उपयोग नाही ते पोट त्यांनी आधीच आवळून घेतले होते. इथे ट्रकची उपमा तुटते. ट्रक चढ लागला म्हणून आपला गिअरबॉक्स जाळू शकत नाही; पक्षी आपल्या शरीराचा अनावश्यक झालेला भाग काढून इंधनात आणि इतर अवयवांत फिरवू शकतो.

वाटेत जळणाऱ्या प्रथिनांनाही काम असते. अलेक्झांडर गर्सन आणि गुग्लिएल्मो यांनी २०११ साली कॅनडातल्या वाऱ्याच्या बोगद्यात एका कस्तुरासारख्या पक्ष्याला कोरड्या आणि दमट हवेत उडवून पाहिले. कोरड्या हवेत त्याने अधिक प्रथिने जाळली. कारण ओला स्नायू मोडला की त्यातले पाणीही सुटते, आणि तेवढ्याच ऊर्जेमागे ते चरबीपेक्षा कितीतरी जास्त असते. तेव्हा उडत्या पक्ष्यातली प्रथिनांची घट म्हणजे पेंग्विनचा तिसरा टप्पा नव्हे. ती मोजून घेतलेली उचल आहे. पण उचल ही फेडावी लागते, आणि माझा पुढचा सगळा मुद्दा त्या परतफेडीवर उभा आहे.

आपल्या आकाशातले उदाहरण घ्यायचे तर अमूर ससाण्याचे घ्यावे लागेल. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी पूर्व आशियातून निघतो, ईशान्य भारतात थांबून वाळवीच्या पंखवाल्या किड्यांवर अंग भरतो आणि मग भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली त्याची प्रचंड कत्तल उघडकीला आली. पांग्ती आणि आसपासच्या गावांनी पुढच्याच वर्षी शिकार थांबवली, आणि त्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने तीन ससाण्यांवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांग्ती. ईशान्येकडून सोमालियापर्यंतची ही झेप साडेपाच दिवसांच्या आसपासची असते. चतुर नावाचे किडेही त्याच सुमारास समुद्र ओलांडतात आणि ससाणे वाटेत ते खात असावेत, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे शक्य आहे. पण चार घास मिळाले म्हणून हिशेब बदलत नाही. त्या घासांवर भरवसा ठेवून कोणताही पक्षी समुद्रात शिरत नाही. तो शिरतो तो अंगावरच्या वाळवीच्या चरबीवर. दोयांगला मारला गेलेला प्रत्येक ससाणा टाकी भरून तयार झालेला होता.

लहान पाखरांना तर एवढा मोठा प्रवासही लागत नाही. पौषातली नागपूरची रात्र तेरा तासांची असते आणि पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली जातो. चिमणी संध्याकाळी झाडात शिरते ती सकाळपर्यंत उपाशीच, आणि तेवढ्यात तिचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरते. साठ किलोंच्या माणसाने एका रात्रीत चार-पाच किलो गमवावे तसे हे आहे. ती रोज दिवसभरात ती चरबी पुन्हा कमावते. एखादा दिवस कमाई झाली नाही तर दुसऱ्या रात्रीचा उपास उपासमार होतो. पेंग्विनला चार महिने आहेत. तिला दोन रात्रीसुद्धा नाहीत.

आता आपल्या तळ्यांकडे येतो. इथे नागपुरात अंबाझरीचे तळे आहे, पलीकडे गोरेवाडा, आणि जिल्ह्यात सायकी, पारडगावसारखी तळी, जिथे मंगोलिया-तिबेटकडचे पट्टकदंब हंस हिवाळा काढतात. चिखलात तुरुतुरु चालणारा पंचवीस ग्रॅमचा छोटा टिलवा तर थेट आर्क्टिककडून येतो. लोक विचारतात, एवढा हिमालय ओलांडून येणाऱ्या पक्ष्याला आपल्या तळ्यावरच्या थोड्या गडबडीने काय होणार? निसर्गाने त्याला इतके बळकट केले आहे, एका तळ्यावरून उठला तर दुसऱ्यावर बसेल. हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण त्यात पक्ष्याबद्दल आदर आहे. पण तो उलटा आहे. पक्षी बळकट आहे तो उपासाच्या मुदतीत. उतरला त्या क्षणी मुदत संपलेली असते, आणि पारणे करायला त्याच्याजवळ पोटच नीट उरलेले नसते.

लांबून आलेले पाखरू पहिले एक-दोन दिवस समोर भरपूर खाद्य असूनही फारसे वजन धरत नाही, असे अभ्यासकांना अनेक जातींत दिसले आहे. आटलेली आतडी आणि यकृत आधी पुन्हा बांधावे लागते. ते झाल्यावरच अन्न नीट पचते आणि खळग्यात चरबी साठू लागते. बांधकामाला प्रथिने हवीत, वेळ हवा आणि खर्च कमी हवा. उडणे हा तर सर्वांत मोठा खर्च आहे, बसून राहण्याच्या कितीतरी पट. म्हणून दुसऱ्या तळ्यावर जाणे हे आपल्याला वाटते तसे फुकटचे नाही. आणि दुसरे तळे तरी किती ठिकाणी उरले आहे? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात हंसाला उतरता येत नाही, आणि काठापर्यंत दगडी भिंत बांधली की टिलव्याला हवा असलेला बोटभर पाण्याखालचा चिखल नाहीसा होतो. तळे सुंदर दिसते, पण त्यात पारणे होत नाही.

कार्तिक-मार्गशीर्षातल्या सकाळी काठावर एखादा हंस मान पाठीवर टाकून, एका पायावर, डोळे अर्धवट मिटून उभा दिसतो. आळशी वाटतो. कॅमेरा घेऊन आलेल्याला उडतानाचे चित्र हवे असते, म्हणून कोणीतरी खडा टाकतो किंवा टाळी वाजवतो. त्या वेळी त्या हंसाच्या पोटात आतड्याच्या नव्या पेशी थरावर थर चढत असतात, यकृत पुन्हा आकार धरत असते, रक्तातले यूरिक आम्ल हळूहळू खाली येत असते. टाळी वाजते. हंस मान काढतो, पाच-सहा पावले पाण्यात धावतो आणि पंख उघडतो, आणि छातीचे स्नायू रिकाम्या खळग्याकडे पुन्हा चरबी मागू लागतात.